टॅमरॅकच्या पोस्टमास्तराचं मत

टॅमरॅक, ३ मार्च १८९२

लायमन,

तीन वर्षांनी लिहितोय. समेट करायला नव्हे, हे आधीच सांगतो. उगाच पुढचं वाचताना डोळ्यांत पाणीबिणी आणू नकोस.

पक्षाने मला निर्वाचक म्हणून उभं केलं आहे. आपल्या विभागातून, मला एकट्याला. तू राज्याच्या राजधानीत राहतोस, तेव्हा गेल्या वर्षी विभागांचा कायदा झाला हे तुझ्या कानावर गेलं असेलच, जरी तुझ्या नव्या पक्षाने त्या दिवशी सुतकी चेहरे केले होते म्हणतात. या कायद्यासाठी मी सहा हिवाळे बर्फ तुडवत दारोदार सह्या मागत फिरलो. चाळीस वर्षं टॅमरॅकची माणसं मत देताहेत आणि चाळीस वर्षं ते चुलीत जातंय. राज्यात ज्याची दोन मतं जास्त, त्याच्या पदरात तेराच्या तेरा निर्वाचक! म्हणजे शहरवाल्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा आणि आम्ही फक्त लाकडं तोडायची. आता ते संपलं. अकरा विभाग आपापला एकेक निर्वाचक निवडतील, उरलेले दोन सगळ्या राज्याचे. जानेवारीत ते तेरा जण राजधानीत बसून राष्ट्राध्यक्षाला मत देतील, आणि त्यात टॅमरॅकचा एक खोगीर शिवणारा असेल.

तुझं नाक मी पुसलंय, तुला पाटीवर अक्षरं मी गिरवून दिली. त्या अक्षरांवर तू दुसऱ्या पक्षाची कारकुनी मिळवलीस. म्हटलं, ज्याला सोडून गेलास तो भाऊ आता काय झालाय ते तुला कळावं.

ऑरिन

*

राजधानी, ११ मार्च १८९२

दादा,

तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि ते फोडायच्या आधी दार लावून घेतलं. मनापासून अभिनंदन. पक्ष गेला खड्ड्यात; माझा भाऊ राष्ट्राध्यक्षाला मत देणार हे मी इथे चार लोकांना सांगितलंसुद्धा.

एक विचारतो. पत्रावर शिक्का पाइन रॅपिड्सचा आहे. म्हातारे पोस्टमास्तर गेल्यापासून टॅमरॅकचं पोस्ट बंदच आहे का अजून? निर्वाचकपदाच्या उमेदवाराने एका पत्रासाठी नऊ मैल गाडी हाकायची, हे बरं दिसत नाही. वॉशिंग्टनला नेमणुका करणाऱ्या खात्यात माझी ओळख आहे. गावात लिहिता-वाचता येणारा आणि स्वतःचं दुकान असलेला माणूस त्यांना हवाच असतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. तुम्ही हो म्हणा, बाकीचं मी बघतो. तुमच्या ड्रुसीच्याही हाताला काम होईल.

वहिनी गेल्यापासून पोर एकटी पडली असेल. तिला काकाची आठवण सांगा.

तुमचा,
लायमन

*

टॅमरॅक, २० मार्च १८९२

लायमन,

तुझ्या पक्षाचं मीठ मला नको, असं लिहायला बसलो होतो. ड्रुसी मध्ये पडली. कधी नव्हे ते तोंड उघडलं. म्हणाली, "बाबा, पोस्ट काकांच्या पक्षाचं नाही, देशाचं आहे." हे मात्र पोरगी बरोबर बोलली, म्हणून हे पत्र.

तिचं काय सांगू? पाय तसाच आहे, फरपटत चालते. शाळेत शिकवायला बोलावत होते, मी नाही म्हटलं. चार पोरं तिच्या चालण्याची नक्कल करणार आणि नाव माझं जाणार. मग तो रेल्वेच्या तारखात्यातला पोऱ्या मागणी घालायला आला. त्याला पट्ट्याने पिटाळला. लंगडीला मागणी घालणाऱ्याचा डोळा दुकानावर असतो, हे न कळायला मी काही दुधखुळा नाही. तिने दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

नेमणूक तिच्याच नावे कर म्हणते. पोस्टात बायका असतात म्हणे. पण तिला एकविसावं नुकतंच लागलंय, एकवीस पुरी नाहीत. तेव्हा कागद माझ्या नावाचा येऊ दे. कप्पे-बिप्पे ती लावील.

ऑरिन

*

राजधानी, २ मे १८९२

दादा,

काम झालं. सोबतच्या कागदावर खालच्या ओळीत सही करा, दोन जामीन द्या आणि शपथ घेऊन परत पाठवा. 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पोस्टमास्तर, टॅमरॅक' ही अक्षरं तुमच्या नावापुढे किती शोभतात पाहा! वयाने अज्ञान मुलीच्या नावे नेमणूक होत नाही, तेव्हा तुमचंच नाव बरं. ते पक्कं राहावं म्हणून मी स्वतः दोनदा चौकशी केली.

लायमन

*

टॅमरॅक, १९ जून १८९२

लायमन,

या पाकिटावरचा शिक्का नीट बघ. टॅमरॅक! माझ्या हाताने मारलाय.

दुकानाच्या पुढच्या भागात पोस्ट थाटलं. एका बाजूला लगाम आणि खोगिरं, दुसऱ्या बाजूला चाळीस कप्पे. लोक पत्राला येतात आणि पट्टा शिवून घेऊन जातात. मी त्यांना कायदा समजावून सांगतो. परवा करवतीच्या कारखान्यातले अकरा जण एकदम आले होते. म्हणाले, "ऑरिन, आता आमचं मत तुझ्या खिशातून राजधानीला जाणार." छाती भरून आली, खोटं कशाला सांगू?

ड्रुसीने मात्र कमाल चालवली आहे. खात्याचं नियमांचं जाडजूड पुस्तक आलंय, ते रोज वाचते. डाकेची पिशवी मला उघडू देत नाही. म्हणते, "तुमच्या हाताला चामड्याचं तेल असतं, पत्रांना डाग पडतात." मी म्हटलं, मर तिकडे. आता गावातली माणसं तिला 'मिस विल्कॉक्स' म्हणतात आणि ती मान ताठ करून "पत्र नाही, उद्या या" असं सांगते. लंगडीला गादी मिळाली!

तुझे उपकार झाले असं लिहायला हवं. लिहिलं समज.

ऑरिन

*

राजधानी, ८ सप्टेंबर १८९२

दादा,

आज काही काम नाही. एकच विचारायचं आहे, आणि खरं सांगा.

आई गेली तेव्हा तुमचं पत्र मला तिला पुरल्यावर चौथ्या दिवशी मिळालं. मी तक्रार केली नाही. पण शेवटच्या दिवसांत तिने मला विचारलं होतं का? काही निरोप होता का? जे असेल ते लिहा. ते कळलं की मलाही तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या फायद्याची आहे.

लायमन

*

टॅमरॅक, ६ ऑक्टोबर १८९२

लायमन,

उशीर झाला. सभांमधून उसंत नाही. घसा बसलाय.

आईचं आता उकरून काय काढतोस? खरं हवं ना, घे. विचारायची. रोज विचारायची. सहा दिवस. मी तिला सांगितलं की लायमनने झेंडा बदलला, तो आता आपला राहिला नाही, त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही. सातव्या दिवशी तिने विचारणं बंद केलं. निरोप कसला असणार?

मी जे केलं ते बरोबरच केलं आणि आजही तेच करीन. तू चाकरीसाठी पक्ष विकलास. विकणाऱ्याला आईही अर्धीच मिळते.

तुझी ती फायद्याची गोष्ट तुझ्याजवळच ठेव. तुझा सल्ला घेऊन निवडून यायची वेळ ऑरिन विल्कॉक्सवर आलेली नाही.

ऑरिन

*

राजधानी, १८ ऑक्टोबर १८९२

दादा,

खरं सांगितलंत, आभारी आहे. गोष्ट माझ्याजवळच ठेवतो.

पोस्टाचं काम नीट सांभाळा. अशा धामधुमीत एक दिवसही बंद ठेवू नका.

लायमन

*

टॅमरॅक, १० नोव्हेंबर १८९२

लायमन,

दोनशे बारा मतांनी!

परवा मंगळवारी पाइन रॅपिड्सला मोजणी झाली. राज्यात तुझ्या पक्षाला जास्त मतं पडली, ठाऊक आहे. जुना कायदा असता तर तेराही गिळले असतेत. आता आठांवर समाधान माना. पाच आमचे, आणि त्या पाचांत मी. करवतवाल्यांनी मला उचलून हॉटेलपर्यंत नेलं. म्हातारा जोनास क्रेन, ज्याला सह्यांच्या वेळी मी तीनदा पटवायला गेलो होतो, तो रडला. म्हणाला, "अकरा वेळा मत दिलं, आज पहिल्यांदा ते कुठे गेलं हे दिसलं."

गंमत ऐक. आमचे जिल्हाध्यक्ष बेंटली, ज्यांनी महिनाभर मला एक ओळ लिहिली नाही, ते गर्दीतून आले आणि माझा हात दाबून म्हणाले, "विल्कॉक्स, ते प्रकरण वेळेवर निस्तरलंत, बरं झालं. माझी झोप उडाली होती." कुठलं प्रकरण, देव जाणे. मी म्हटलं, "मी सगळं वेळेवरच निस्तरतो, साहेब." प्यालेले होते थोडे.

९ जानेवारीला राजधानीत येतोय. तुझ्याकडे उतरणार नाही.

ऑरिन

*

राजधानी, ३० नोव्हेंबर १८९२

दादा,

फार आनंद झाला. काळा कोट घाला, इथे तशी पद्धत आहे. सभा बरोबर बारा वाजता सुरू होते. मी त्या दिवशी कामानिमित्त बाहेरगावी असेन. माझी उणीव तुम्हाला भासणार नाही, याची खात्री आहे.

लायमन

*

टॅमरॅक, १४ जानेवारी १८९३

लायमन,

निजून लिहितोय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मी साडेअकरालाच जाऊन बसलो होतो. खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी होती. बाराला नावं पुकारली. माझं नाव आलं तेव्हा तुझ्या पक्षाचा एक जण उठला आणि हरकत आहे म्हणाला. राज्यघटना काढली. आपल्या राज्याची नव्हे, देशाची. वाचून दाखवली, की केंद्र सरकारच्या लाभाच्या पदावर असलेल्याला निर्वाचक म्हणून नेमता येणार नाही. मग टेबलावर एक कागद ठेवला. माझ्या पोस्टाच्या नेमणुकीची नक्कल.

मी हसलो, लायमन. मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, "अहो, मी खोगिराच्या दुकानात चार पत्रं वाटतो, त्याला पद म्हणता?" कोणी हसलं नाही. बेंटली मागच्या बाकावर होते, ते उभे राहून ओरडले, "तू मला लिहिलंस की राजीनामा दिला म्हणून! तुझं पत्र आहे माझ्याकडे!" मी असं पत्र लिहिलं नाही. आईच्या शपथेवर सांगतो, नाही लिहिलं. सगळ्यांसमोर त्यांनी मला खोटारडा म्हटलं.

जागा रिकामी धरली. रिकामी जागा उरलेल्यांनी बहुमताने भरायची, हे आमच्याच कायद्याचं सहावं कलम. ते मी पाठ म्हणून दाखवायचो. पूर्वी तेराही एकाच पक्षाचे असायचे, तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. आता आठ विरुद्ध चार. करवतीच्या कारखान्याचे मालक कर्नल स्ट्रॅटन बाहेरच्या ओसरीत काळा कोट घालून तयारच बसले होते. ते आत आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि टॅमरॅकचं मत तुझ्या पक्षाला देऊन टाकलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गावात आलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. लोक म्हणतात, ऑरिनने मत विकलं. भावाचा पक्ष, भावाने दिलेलं पोस्ट, चुकून का झालं? जोनास क्रेनने आपलं खोगीर अर्धवट शिवलेलं परत नेलं. करवतवाले पत्राला येतात ते ड्रुसीच्या खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून. काल माझी डावी बाजू बधिर झाली. डॉक्टर म्हणतो निजून राहा.

मला कोणाचं काही वाटत नाही. एकच विचारतो. तुला ठाऊक होतं का? तू पोस्ट दिलंस ते माझ्या भल्यासाठी दिलंस, तुलाही हे माहीत नव्हतं, एवढं एका ओळीत लिही. मी ते दुकानाच्या दारावर लावीन. गावाने नाही मानलं तरी चालेल, मला पुरेल.

लहानपणी तू खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत. तरी मी तुझ्यावर विश्वास ठेवीन.

दादा

*

राजधानी, २५ जानेवारी १८९३

दादा,

ठाऊक होतं. तुम्ही मार्चमध्ये पहिलं पत्र पाठवलंत ना, ते वाचून संपायच्या आत सुचलं.

आणि तुम्हालाही ठाऊक असायला हवं होतं. सोळा वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या एका राज्यात एक पोस्टमास्तर असाच निर्वाचक होऊन अडकला, महिनाभर वर्तमानपत्रं तेच छापत होती. आपल्या घरी ते मोठ्याने कोण वाचायचं? तुम्ही. जेवताना. "गाढवाला आपण काय खातो तेही कळत नाही" म्हणून हसायचात, आणि आई म्हणायची, ऑरिन, घास अडकेल. मला वाटायचं, कधीतरी आठवेल यांना. पण तुमच्या नावापुढे पोस्टमास्तर लागलं आणि तुमची आठवण आंधळी झाली.

टेबलावरची नक्कल माझ्या हातची होती. अक्षर ओळखलं नाहीत? तुम्हीच गिरवून दिलंत.

सप्टेंबरमध्ये मी तुम्हाला विचारलं. तुम्ही एक बरा शब्द लिहिला असतात, अगदी खोटासुद्धा, तर मी त्याच रात्री तार केली असती की राजीनामा द्या. तेव्हा वेळ होता. तुम्ही सहा दिवसांचा हिशेब लिहून पाठवलात. सातव्या दिवशी तिने विचारणं बंद केलं, हे वाक्य मला पाठ आहे, जसं तुम्हाला सहावं कलम.

आता बाकीचं ऐका. देशभरात तुमचाच उमेदवार एवढ्या फरकाने आला आहे की टॅमरॅकचं मत इकडे पडलं काय आणि तिकडे पडलं काय, कोणी मोजणार नाही. तुमच्या खुर्चीची कोणाला गरज नव्हती. फक्त मला होती. आणि तुमचा कायदा याच अधिवेशनात रद्द होतोय. पुन्हा तेराही मतं एका गठ्ठ्यात. त्या भाषणाचा मसुदा माझ्याकडे आहे आणि त्यात तुमचं नाव तीनदा येतं: विभागांच्या हाती निर्वाचक दिले की ते कसली माणसं पाठवतात, याचा नमुना म्हणून. तुम्ही सहा हिवाळे ज्यासाठी चाललात ते तुमच्याच नावाने पुरलं जाणार.

एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. बेंटली कच्चा माणूस नाही. तो तुम्हाला वेळेत सावध करील ही धास्ती मला शेवटपर्यंत होती. तुम्ही न लिहिलेल्या कुठल्याशा पत्रावर तो गप्प बसला, हे माझं नशीब.

हे पत्र दारावर खुशाल लावा.

लायमन

*

टॅमरॅक, ६ फेब्रुवारी १८९३

लायमनकाका,

मी ड्रुसिला. तुमचं पत्र ३० तारखेच्या पिशवीत आलं. ते मी बाबांना दिलेलं नाही, देणारही नाही.

बेंटलीसाहेब कच्चे नाहीतच. त्यांनी २१ ऑक्टोबरला बाबांना पत्र टाकलं होतं, की निवडणुकीच्या आत पोस्टाचा राजीनामा द्या नाहीतर जागा जाईल. ते मी फोडलं. खात्याच्या पुस्तकाप्रमाणे तो गुन्हा आहे, हेही मला ठाऊक होतं. बाबांनी राजीनामा दिला असता तर पोस्ट गेलं असतं, आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात. शाळा गेली, तो तारखात्यातला माणूस गेला. खिडकीमागची ही दीड हात जागा तेवढी माझी झाली होती. इथे मी बसलेली असते, माझा पाय कोणाला दिसत नाही. मी तीन दिवस ते पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना बाबा पाहुण्यांना म्हणाले, "निवडून आलो की पोस्ट दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात मारीन, निर्वाचकाला हे शोभत नाही. लंगडी बसेल पुन्हा चुलीशी." पाहुणे हसले. मी वाढत होते. त्या रात्री मी बाबांच्या अक्षरात बेंटलीसाहेबांना उत्तर लिहिलं: राजीनामा पाठवला, काळजी नसावी. त्यांचं अक्षर मला चांगलं येतं. दुकानाच्या पावत्या दहा वर्षं मीच लिहिते.

तेव्हा नशिबाचे आभार मानू नका. तुम्ही सापळा मांडलात, पण दार मी लावलं.

बेंटलीसाहेब परवा येऊन गेले. बाबांना भेटले नाहीत, खिडकीशी उभे राहून माझ्याशी बोलले. बापाचं पाप पोरीच्या माथी नको, म्हणाले. मार्चमध्ये वॉशिंग्टनला त्यांच्या पक्षाचं राज्य येतंय. २ तारखेला मला एकविसावं पुरं होतं. नेमणूक माझ्या नावाने होईल.

बाबांची डावी बाजू गेली आहे. जीभही जड झाली आहे, पण माझ्याशी बोललेलं मला कळतं. त्यांची खाट मी दुकानातच आणली आहे, कप्प्यांच्या समोर. त्यांना तुमच्यावर राग नाही. ते गावाला म्हणत असतात, "लायमनला माहीत नव्हतं. त्याचं पत्र येऊ दे, मग बघा." गाव ऐकत नाही. पिशवी आली की त्यांची नजर माझ्या हातांवर असते.

तुम्हाला वाटत असेल, त्यांनी तुमचं पत्र वाचावं, शब्दन् शब्द, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरचं सगळं विझावं. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत ती त्याचसाठी. ते तुम्हाला मिळणार नाही. पुन्हा लिहिलंत तरी तेही माझ्याच हातात येईल. स्वतः यायचं मनात आणलंत, तर बेंटलीसाहेबांना त्या नकलेवरचं अक्षर कोणाचं हे सांगायला मला वेळ लागणार नाही. तुमच्या साहेबांचं राज्य आता संपतंय, तेव्हा जपून असा.

आणि दया म्हणून मी हे करतेय असंही समजू नका. एका ओळीत त्यांना सोडवता आलं असतं. 'माहीत नव्हतं' एवढं तुमच्या अक्षरात लिहायचं, तेही मला जमलं असतं. लिहिलं नाही.

आज डाक आली तेव्हा त्यांनी मान उचलली. म्हणाले, "लायमनचं?"

मी म्हटलं, "पत्र नाही. उद्या बघू."

ड्रुसिला विल्कॉक्स